माल्कमचे गाव, टेलफर्डचे ग्रंथालय

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे ‘माल्कम पेठ’ हे जुने नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून डोंगरमाथ्यावरची ही जागा कंपनी सरकारसाठी मिळवली आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसवले. त्याआधी जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली होती, तीही याच माल्कमपुढे. पेशवाईच्या अस्ताशी ज्याचे नाव असे जोडले गेले आहे, तो माणूस मुळात कोठला, याची चौकशी मात्र आपल्याकडे फारशी होत नाही. ती करू गेल्यास स्कॉटलंडच्या दक्षिणेतील एका अगदी लहान वस्तीपाशी जाऊन पोहोचावे लागते.

या वस्तीचा परिसर वेस्टरकर्क या नावाने ओळखला जातो. लँगहोम या गिरण्यांच्या जुन्या गावापासून एस्क नदीच्या काठाने वर गेले, की आठ-दहा किलोमीटरवर बेंटपाथ ही त्यातली मुख्य वस्ती लागते. दगडी पूल, चर्च, मोजकी घरे आणि एक ग्रंथालय एवढाच तिचा पसारा. सभोवार गवताळ डोंगर आणि त्यांवर चरणारी मेंढरे. अशा या परिसरातून अठराव्या शतकात एकाच वेळी इतकी कर्तबगार माणसे बाहेर पडली, की त्याचे नवल वाटावे. परंतु त्यामागचे कारण साधे होते. जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती होती, बाकीचे कुळे किंवा मेंढपाळ. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांची संसद एक झाली आणि इंग्रजांच्या वसाहती, आरमार व ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांचे दरवाजे स्कॉटिश तरुणांना उघडले. घरात खाणारी तोंडे अनेक आणि जमीन अपुरी, अशा कुटुंबांनी एखाद्या वजनदार आप्ताची शिफारस मिळवून मुलांना परदेशी धाडले. त्यांचे पुढे काय झाले, हे या खोऱ्यातील तीन वास्तू सांगतात.

पहिली वास्तू वेस्टरकर्कच्या दफनभूमीत आहे. वेस्टरहॉल येथील जॉनस्टन घराण्याची ही समाधी प्रसिद्ध वास्तुविशारद रॉबर्ट अॅडम यांच्या आराखड्यानुसार १७९० मध्ये उभारली गेली. मेंढपाळांच्या साध्या थडग्यांमध्ये तिचे ग्रीक धाटणीचे वैभव डोळ्यांत भरते. ती बांधवणारा जॉन जॉनस्टन बंगालमध्ये कंपनीच्या सेवेत होता. प्लासीनंतरच्या लुटालुटीच्या काळात त्याने अफाट संपत्ती जमवली. १७६५ मध्ये बंगालच्या नव्या नवाबाकडून घेतलेल्या नजराण्यांवरून क्लाइव्हशी त्याचा वाद झाला आणि तो मायदेशी परतला. त्याचा भाऊ पॅट्रिक १७५६ मध्ये कलकत्त्याच्या अंधारकोठडीत मरण पावला होता, तर दुसऱ्या एका भावाचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावर गुलामांच्या श्रमांवर चालणारे मळे होते.

जॉनने बंगालमधून एक दासीही स्कॉटलंडला आणली होती. कागदपत्रांत तिचे नाव बेल किंवा बेलिंडा असे आढळते. नवजात मुलाच्या हत्येच्या आरोपावरून १७७१ मध्ये तिच्यावर खटला भरला गेला आणि अमेरिकेतील वसाहतीत नेऊन तिला विकावे असा निर्णय झाला. ब्रिटनमधील न्यायालयाने गुलाम म्हणून वागवलेली ती शेवटची व्यक्ती असावी, असे इतिहासकार मानतात. अॅडमच्या सुबक खांबांकडे पाहताना तिची आठवण ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी वास्तू दुरूनच दिसते. लँगहोमच्या माथ्यावरील व्हिटा टेकडीवर सुमारे शंभर फूट उंचीचा दगडी स्तंभ आहे. १८३५ मध्ये उभारलेला हा स्तंभ जॉन माल्कमचे स्मारक होय. माल्कमचा जन्म १७६९ मध्ये वेस्टरकर्कमधील बर्नफूट येथे झाला. वडील कुळाने शेती करणारे, कर्जबाजारी झालेले, आणि भावंडे सतरा. कंपनीच्या संचालकांपुढे जॉन मुलाखतीसाठी उभा राहिला तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. हैदर अली समोर आला तर काय करशील, या प्रश्नावर त्याचे डोके उडवीन असे त्याने बेधडक सांगितले आणि नोकरी मिळवली, अशी कथा सांगतात. गावच्या शाळेतही तो खोडकर म्हणून प्रसिद्ध होता. कोणतीही आगळीक घडली की त्याच्या मुळाशी जॉकच असणार, हे शिक्षकांचे ठरलेले वाक्य. पुढे १८१५ मध्ये इराणचा मोठा इतिहास लिहून प्रसिद्ध केल्यावर माल्कमने त्याची एक प्रत या वृद्ध गुरुजींना पाठवली आणि तिच्यावर त्यांचेच ते वाक्य लिहून दिले.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव करणारा आणि पुढच्याच वर्षी बाजीरावाला आठ लाखांचा तनखा देऊन बिठूरला पाठवणारा तो हाच जॉक. हा तनखा फार मोठा झाला, म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज त्याच्यावर नाराज झाले होते. जॉनचे तीन भाऊही ‘सर’ झाले. त्यांपैकी पुल्टनी हा आरमारी अधिकारी नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना तेथील नौदलाचा प्रमुख होता, तर चार्ल्स हा जॉनच्याच कारकिर्दीत मुंबईच्या आरमाराचा अधीक्षक झाला. ‘एस्कडेलचे चार नाइट’ म्हणून हे बंधू आजही तेथे ओळखले जातात.

तिसरी वास्तू सर्वांत साधी आहे, आणि तिची कथा सर्वांत वेगळी. थॉमस टेलफर्ड १७५७ मध्ये येथील ग्लेंडिनिंग या डोंगरातील शेतवाडीवर जन्मला. वडील मेंढपाळ, मूल काही महिन्यांचे असतानाच ते वारले. आईने शेतावर मोलमजुरी करून मुलाला वाढवले. थॉमस दगड घडवण्याचे काम शिकला, लँगहोमच्या पुलावर गवंडी म्हणून राबला, आणि वडिलांच्या थडग्याचा दगड त्याने स्वतःच्या हाताने कोरला. तो दगड वेस्टरकर्कच्या त्याच दफनभूमीत आहे, जेथे जॉनस्टनांची समाधी आहे. लँगहोममधील एका सुसंस्कृत वृद्ध स्त्रीने त्याला वाचायला पुस्तके दिली आणि वाचनाची गोडी लावली. पुढे जॉनस्टन घराण्यातलेच विल्यम पुल्टनी यांचा आश्रय त्याला लाभला. पाँटकिसिल्टेचा जलसेतू, कॅलेडोनियन कालवा, १८२६ मधील मेनाईचा झुलता पूल ही त्याची कामे आजही अभियंते अभ्यासतात.

ग्लेंडिनिंगजवळच अँटिमनीची खाण होती. छापखान्यातील खिळ्यांच्या मिश्रधातूत हा धातू लागतो. तेथील खाणकामगारांसाठी १७९३ मध्ये ग्रंथालय सुरू झाले. खाण काही वर्षांतच बंद पडली, ग्रंथालय मात्र टिकले. १८३४ मध्ये टेलफर्ड वारला तेव्हा मृत्युपत्राने त्याने वेस्टरकर्क व लँगहोम या दोन्ही ठिकाणच्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात वेस्टरकर्कला महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, पुस्तकांची देवघेव होई. शेतकरी, मेंढपाळ, नांगरे व त्यांची मुले लांबून येत आणि महिन्याभराचे वाचन बरोबर नेत. डोंगरवाटांनी परतताना चांदण्याचा उजेड सोबतीला असे. ग्रंथालयाची सध्याची इमारत १८६० मधली आहे.

या देणगीचे फळ किती दूरवर गेले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. विसाव्या शतकातील स्कॉटलंडचे श्रेष्ठ कवी ह्यू मॅकडायरमिड यांचे बालपण लँगहोमच्या ग्रंथालयाच्याच इमारतीत गेले. पोस्टमनचा हा मुलगा वरच्या मजल्यावरची पुस्तके अक्षरशः टोपल्या भरभरून खाली आणून वाचत असे.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये माल्कमचा संगमरवरी पुतळा आहे आणि त्याचा स्तंभ लँगहोममध्ये पाऊल ठेवताच नजरेत भरतो. स्कॉटलंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तो जरूर पाहावा. आपल्या इतिहासाचा एक तुकडा तेथे उभा आहे. परंतु तेथूनच मागे न फिरता नदीकाठाने बेंटपाथपर्यंत जावे. दुसऱ्यांच्या भूमीवर मिळवलेल्या संपत्तीची आणि सत्तेची स्मारके या खोऱ्यात आहेतच. मेंढपाळाच्या पोरक्या मुलाने आपल्या कष्टाच्या कमाईतून गावाला दिलेली पुस्तकेही तेथेच आहेत.