पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधील विक्रम : आकडे आणि त्यांमागील अटी

बीजसंज्ञा : विक्रम, हौशी व व्यावसायिक खेळाडू, खुले युग, ग्रँड स्लॅम, जागतिक क्रमवारी, टायब्रेक

प्रस्तावना

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकून सर्बियाच्या नोव्हाक जोकोविचने ग्रँड स्लॅम स्पर्धांतील पुरुष एकेरीचे २४ वे अजिंक्यपद मिळविले. २०२५ अखेरच्या यादीत त्याच्याखाली स्पेनचा राफाएल नदाल (२२), स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर (२०), अमेरिकेचा पीट सॅम्प्रास (१४) व ऑस्ट्रेलियाचा रॉय इमर्सन (१२) यांची नावे येतात. ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर आणि स्वीडनचा ब्योर्न बोर्ग हे प्रत्येकी ११ अजिंक्यपदांसह त्यानंतर आहेत. सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच यादीच्या आधारे दिले जाते.

या यादीतील प्रत्येक आकडा अचूक आहे; परंतु ते सर्व आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. स्पर्धेत कोणास प्रवेश होता, वर्षाकाठी किती स्पर्धा खेळल्या जात, मैदान कशाचे होते आणि सामना कोणत्या नियमाने संपे, या बाबी काळानुसार बदलत गेल्या. विक्रम हा खेळाडूच्या गुणवत्तेचा जसा, तसाच त्या काळच्या व्यवस्थेचाही परिणाम असतो. प्रस्तुत लेखात काही प्रमुख विक्रमांच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवेशाचा प्रश्न : हौशी आणि व्यावसायिक

१९६८ पूर्वी विम्बल्डन आणि फ्रान्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. उघडपणे मानधन घेऊन खेळण्याचा करार करणाऱ्या खेळाडूस व्यावसायिक ठरवून या स्पर्धांचे दरवाजे बंद केले जात. परिणामी उत्तम खेळाडू नाव मिळवीत आणि त्या नावाच्या बळावर व्यावसायिक होऊन याच स्पर्धांतून बाहेर पडत. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे प्रथमच दोन्ही प्रकारचे खेळाडू एका स्पर्धेत उतरले. तेव्हापासूनच्या काळास 'खुले युग' असे म्हटले जाते.

या बंदीची किंमत आकड्यांत मांडता येते. लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि तो व्यावसायिक झाला. १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतील २० आणि १९६८ च्या आरंभीची ऑस्ट्रेलियन स्पर्धा धरून एकूण २१ प्रमुख स्पर्धांना तो मुकला. पुन्हा प्रवेश मिळताच त्याने १९६८ चे विम्बल्डन जिंकले आणि १९६९ मध्ये चारही स्पर्धा पुन्हा एकदा जिंकल्या. त्याच्या ११ अजिंक्यपदांपैकी ६ बंदीपूर्वीची आणि ५ बंदीनंतरची आहेत. वयाच्या २४ ते २९ या ऐन उमेदीच्या काळाची नोंद या यादीत शून्य आहे.

याच काळात इमर्सन हौशी राहिला. त्याच्या १२ अजिंक्यपदांपैकी १० अजिंक्यपदे १९६३ ते १९६७ या वर्षांतील, म्हणजे लेव्हर बाहेर असतानाची आहेत. १९६२ मध्ये लेव्हरने जिंकलेल्या चारपैकी तीन स्पर्धांच्या अंतिम सामन्यात पराभूत झालेला खेळाडू इमर्सनच होता. अर्थात १९६१ मधील ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत इमर्सनने लेव्हरला नमविले होते, हेही विसरून चालणार नाही. इमर्सनचे कर्तृत्व खोटे ठरत नाही. मात्र '१२ विरुद्ध ११' ही तुलना अपुरी ठरते. तरीही तो १२ चा आकडा तब्बल ३३ वर्षे पुरुषांचा सर्वोच्च विक्रम म्हणून नोंदलेला होता. तो २००० च्या विम्बल्डनमध्ये सॅम्प्रासने मोडला.

केन रोझवॉल याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५६ च्या अखेरीस व्यावसायिक झालेला हा खेळाडू १९५७ ते १९६७ अशी अकरा वर्षे, म्हणजे ४४ प्रमुख स्पर्धा, बाहेर राहिला. १९६८ ची फ्रेंच स्पर्धा ही खुल्या युगातील पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. ती त्यानेच जिंकली. जानेवारी १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकताना त्याचे वय ३७ वर्षे होते. त्याच्या नावावर ८ अजिंक्यपदे आहेत. वेम्बली, फ्रेंच प्रो आणि यू. एस. प्रो या व्यावसायिकांच्या तीन मुख्य स्पर्धांत त्याने मिळविलेली १५ अजिंक्यपदे या यादीत धरली जात नाहीत.

अमेरिकेचा पांचो गोन्झालेस तर १९४८ व १९४९ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदानंतर वयाच्या २१ व्या वर्षीच व्यावसायिक झाला. १९५० च्या दशकातील व्यावसायिक टेनिसवर त्याचेच प्रभुत्व होते. प्रमुख स्पर्धांत तो परतला तेव्हा चाळिशी गाठलेली होती. तरीही १९६८ च्या फ्रेंच स्पर्धेत त्याने उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. यादीत त्याच्यापुढे केवळ २ हा आकडा आहे.

हा निकष आपल्या देशातील खेळाडूंनाही लावावा लागतो. रामनाथन कृष्णन यांनी १९६० व १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. भारतीय टेनिसमधील हे मानाचे पान होय. या स्पर्धाही हौशी खेळाडूंपुरत्याच होत्या; तथापि त्यांना पराभूत करणारे नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर हे त्या त्या वर्षीचे विजेते ठरले, यावरून त्या लढतींची पातळी लक्षात येते.

स्पर्धांची संख्या आणि महत्त्व

प्रवेश खुला झाल्यानंतरही सर्व खेळाडू चारही स्पर्धा खेळत असे नव्हते. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियन स्पर्धा दूरची आणि तुलनेने दुय्यम मानली जाई. बोर्ग आपल्या कारकीर्दीत तेथे केवळ एकदा, १९७४ मध्ये, खेळला. त्याची ११ अजिंक्यपदे फ्रेंच (६) आणि विम्बल्डन (५) या दोनच स्पर्धांतील आहेत. अमेरिकेचा जिमी कॉनर्स १९७४ आणि १९७५ अशी दोनच वर्षे ऑस्ट्रेलियात खेळला. १९७४ च्या फ्रेंच स्पर्धेत मात्र त्याला प्रवेशच नाकारण्यात आला होता. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा मेलबर्नमधील नव्या संकुलात आणि हार्ड कोर्टवर आली. त्यानंतर तिचा दर्जा उंचावत गेला. म्हणजेच 'अधिकाधिक ग्रँड स्लॅम' हे ध्येय ठेवून खेळण्याची प्रथा तुलनेने अलीकडची आहे. बोर्गच्या पिढीने ज्याचा हिशेब ठेवला नाही, त्याच हिशेबाने आज तिचे मूल्यमापन होते.

एकूण अजिंक्यपदांबाबतही हेच दिसते. खुल्या युगात सर्वाधिक १०९ एकेरी अजिंक्यपदे कॉनर्सची आहेत; फेडररची १०३ आणि २०२५ अखेरपर्यंत जोकोविचची १०१ आहेत. या मोजणीत लहानमोठ्या सर्व स्पर्धा समान धरल्या जातात. याउलट ग्रँड स्लॅमखालोखाल मानल्या जाणाऱ्या नऊ मास्टर्स स्पर्धांची मालिका १९९० मध्ये सुरू झाली. त्यांतील जोकोविचची ४० अजिंक्यपदे हा विक्रम आहे. परंतु त्या मालिकेत कॉनर्सचे नाव वर येणे कालदृष्ट्याच अशक्य होते.

मैदान, नियम आणि क्रमवारी

लेव्हरने १९६९ मध्ये जिंकलेल्या चार स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर आणि एक मातीवर झाली होती. अमेरिकन स्पर्धा १९७४ पर्यंत हिरवळीवर, १९७५ ते १९७७ मातीवर आणि १९७८ पासून हार्ड कोर्टवर खेळली गेली. कॉनर्सने ती तिन्ही प्रकारच्या मैदानांवर जिंकली. जोकोविचने २०१५ च्या विम्बल्डनपासून २०१६ च्या फ्रेंच स्पर्धेपर्यंत सलग चार स्पर्धा जिंकल्या, त्या तीन भिन्न पृष्ठभागांवर होत्या. लेव्हरचा पराक्रम एका कॅलेंडर वर्षातील आहे. जोकोविचचा अधिक विविध मैदानांवरचा आहे. दोहोंपैकी एकास दुसऱ्याचे माप लावता येत नाही.

नियमांचा परिणाम याहून थेट असतो. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये ४१ वर्षांच्या गोन्झालेसने चार्ली पासारेलचा २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९ असा पराभव केला. दोन दिवस चाललेल्या या सामन्यात ११२ गेम खेळले गेले. अशा लढतींमुळे टायब्रेकची मागणी बळावली आणि १९७० मध्ये अमेरिकन स्पर्धेने तो स्वीकारला. तथापि विम्बल्डनच्या निर्णायक सेटमध्ये टायब्रेक नसल्याने २०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. त्यातील अखेरचा सेट ७०-६८ असा संपला. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेट ६-६ वर आल्यास दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो. सद्यःस्थितीतील नियम कायम असेपर्यंत १८३ गेमचा तो विक्रम मोडणे कोणालाही शक्य नाही.

जागतिक क्रमवारीची कथाही अशीच आहे. संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ रोजी सुरू झाली आणि रुमानियाचा इली नास्तासे पहिला अग्रमानांकित ठरला. प्रथम स्थानावरील ४२८ आठवडे हा जोकोविचचा, तर सलग २३७ आठवडे हा फेडररचा विक्रम आहे. लेव्हर आणि रोझवॉल यांच्या बहराच्या काळात ही गणनाच अस्तित्वात नव्हती. शिवाय आरंभी गुणांची सरासरी काढली जाई. १९९० पासून ठरावीक सर्वोत्तम निकालांची बेरीज धरली जाऊ लागली. प्रथम क्रमांकाची व्याख्याच बदलल्याने आठवड्यांची तुलनाही जपूनच करावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून आधुनिक विक्रम कमी प्रतीचे आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट फेडरर, नदाल आणि जोकोविच यांच्या काळात सर्व पात्र खेळाडूंना प्रवेश होता आणि चारही स्पर्धांना समान महत्त्व होते. या तिघांनी आपली बहुतेक यशे एकमेकांच्या उपस्थितीत मिळविली आहेत. नदालने फ्रेंच स्पर्धेत ११२ विजय व ४ पराभव अशा कामगिरीसह १४ अजिंक्यपदे मिळविली, ती याच खुल्या स्पर्धेत. म्हणून त्यांचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येतात. हीच सोय मागील पिढ्यांबाबत उपलब्ध नाही.

एखादा विक्रम सांगताना तो कोणत्या वर्षांतील आहे, कोणास प्रवेश होता, कोण बाहेर होते आणि नियम कोणते होते, एवढ्या गोष्टी सोबत सांगितल्यास आकड्याचा अर्थ पुरता होतो. त्या वगळल्यास अन्याय होतो तो रोझवॉल आणि गोन्झालेस यांच्यासारख्या, खेळण्याची क्षमता असूनही खेळू न दिलेल्या खेळाडूंवर. त्यांची न खेळलेली वर्षे कोणत्याही तक्त्यात भरता येणार नाहीत. मात्र ती रिकामी का राहिली, हे तक्त्याखाली नोंदविता येते.