बंबावरच्या माणसांचे मास्तर

लाल बंब घंटा वाजवत रस्त्याने गेला की आजही आपण वळून पाहतो. लहान मुले तर हातातले टाकून गॅलरीत धावतात. बंबावरची माणसे आपल्याला दिसतात, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्यातल्या एखाद्याचे छायाचित्रही येते. पण धुराने भरलेल्या खोलीत उभे राहायचे नसते, सरपटायचे असते, हे या माणसांना कोणी शिकवले आणि ते अंगात मुरेपर्यंत त्यांच्याकडून कितीदा करून घेतले, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. डॉक्टरांचे गुरू आपल्याला ठाऊक असतात, गवयांचे तर असतातच. बंबावरच्या माणसांचे मास्तर मात्र कायम पडद्याआड.

आणि हे शिकवणे सोपे नाही. आगीचे शास्त्र तसे तासाभरात सांगून होते. धूर आणि उष्णता छताकडे धावतात, म्हणून जमिनीलगत थोडी बरी हवा उरते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. भाजण्याआधीच माणूस गुदमरून पडतो तो त्यामुळे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते. तेव्हा बंद खोलीत भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी फवारा मारला तर विझवणाराच उकडून निघतो. हे सगळे वहीत उतरवून घेता येते. पण पाठीवर हवेचे नळकांडे आहे, तोंडावर मुखवटा आहे, डोळ्यापुढे काळाकुट्ट अंधार आहे आणि कुठून तरी किंकाळी येते आहे, अशा वेळी वहीतले काही आठवत नाही. हाताला जे सवयीचे असते तेवढेच घडते. म्हणून तर डोळे बांधून नळी चाचपत बाहेर येण्याचा सराव पन्नास-पन्नास वेळा करून घ्यायचा असतो. एकावन्नाव्या वेळी जवान कंटाळतो, कुरकुरतो. मास्तराने कंटाळून चालत नाही.

यात गेल्या साठेक वर्षांत आणखी एका विद्येची भर पडली. आग विझवणाऱ्याच्या हाती रुग्णही आला.

त्याची सुरुवात आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला, बेलफास्टमध्ये झाली. फ्रँक पँट्रिज नावाचे हृदयरोगतज्ज्ञ तिथल्या रुग्णालयात होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेतून जिवंत परतलेला, फटकळ स्वभावाचा हा माणूस. हृदयविकाराचे बरेचसे रुग्ण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात, मग रुग्णालयच रुग्णाकडे का नेऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. १९६६ साली त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे, सत्तरेक किलो वजनाचे विजेचा झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेत चढवले आणि सोबत डॉक्टर पाठवला.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटल शहरात, डॉ. लिओनार्ड कॉब यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली. कल्पना उत्तम, पण प्रत्येक गाडीत डॉक्टर आणायचा कुठून? कॉब शहराच्या अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याशी बोलले. व्हिकरींच्या हाताशी एक अशी गोष्ट होती जी कुठल्याच रुग्णालयाकडे नव्हती. शहराच्या प्रत्येक भागात त्यांचे एक ठाणे होते, ठाण्यात चोवीस तास तगडी माणसे होती आणि घंटा वाजल्यावर काही मिनिटांत कुठेही पोचण्याची त्यांना सवय होती. आगी काही रोज लागत नाहीत. मग याच माणसांना हृदयाचा आलेख वाचायला, शिरेत सुई घालायला, झटका द्यायला शिकवले तर?

आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. त्या काळी डॉक्टरी व्यवसायाला ते धक्कादायक होते. नळी धरणाऱ्या हातात सुई? पण कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायरमन मंडळींना हार्बरव्ह्यू रुग्णालयात आणून शिकवले आणि १९७० च्या मार्चमध्ये ‘मेडिक वन’ नावाची त्यांची गाडी रस्त्यावर आली. गाडी कसली, बेढब धूड होते ते! देवमाशाच्या प्रसिद्ध कादंबरीच्या नावाची मोडतोड करून लोकांनी तिला ‘मोबी पिग’ म्हणायला सुरुवात केली. नावे ठेवण्यात सगळीकडची माणसे सारखीच.

पुढे बरीच वर्षे या शिक्षणाची धुरा डॉ. मायकेल कोपास यांच्याकडे होती. त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी तिथे अजून सांगतात. रुग्णाकडे जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेला अहवाल ते स्वतः वाचत, आणि काही खटकले की त्याला बोलावून घेत. गाडी किती वाजता पोचली, पहिले काय केले, तेच आधी का केले, याची उलटतपासणी होई. आपल्याकडच्या जुन्या वळणाच्या हेडमास्तरांची आठवण यावी असा हा खाक्या. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की शिक्षण प्रमाणपत्राच्या दिवशी संपले नाही. प्रत्यक्ष कामाचा प्रत्येक प्रसंग पुन्हा वर्गात आला. सिॲटल आणि भोवतालच्या किंग काउंटीत आजही ही पद्धत आहे. आता तर यंत्रात नोंदलेला प्रत्येक क्षण पाहून छाती दाबणे मध्ये किती सेकंद थांबले हेही मोजतात. एखाद्याच्या देखत कोसळलेल्या आणि झटक्याने सुरू होऊ शकेल अशा हृदयाच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे तिथे घरी परत जातात. जगात फार थोड्या ठिकाणी असे घडते.

याच सुमारास पिट्सबर्ग शहरात दुसरी एक गोष्ट घडली. ती मला अधिक जवळची वाटते. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक गावांत रुग्णवाहिका म्हणून अंत्यसंस्कार करणाऱ्यांचीच गाडी येई. पिट्सबर्गमध्ये पोलिसांची व्हॅन येई. मागे रुग्णाला टाकायचे आणि दोघांनी पुढे बसून गाडी हाकायची. तोंडाने श्वास देण्याची पद्धत ज्यांनी शास्त्रशुद्ध सिद्ध केली त्यांपैकी एक, डॉ. पीटर साफार, त्याच शहरात होते. १९६६ साली त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याने गेली. पुढच्या वर्षी त्यांनी शिकवायला घेतली ती ‘हिल’ या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय माणसे. कित्येकांचे शालेय शिक्षणही अर्धवट होते, कित्येकांना कोणी कामावर ठेवत नव्हते. साफारनी त्यांना सुमारे तीनशे तास शिकवले: शरीररचना, श्वास, रक्तस्राव, बाळंतपण. ‘फ्रीडम हाऊस’ नावाची त्यांची सेवा इतकी चोख निघाली की पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय प्रमुख झाली, त्यांच्याबरोबर गाडीत फिरली, आणि त्या अनुभवातून तिने रस्त्यावरच्या उपचारांचे जे पाठ्यपुस्तक लिहिले ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू करून ही सेवा बंद केली. ज्यांनी हा मार्ग घालून दिला त्यांतले फार थोडे जुने लोक नव्या व्यवस्थेत टिकले. शिकवणाऱ्याने माणसाची कुवत ओळखली. शहराला ती ओळखायची नव्हती.

आता एका बाहुलीविषयी सांगायला हवे. श्वास देणे, छाती दाबणे शिकवायचे तर कोणावर? जिवंत माणसाची छाती विनाकारण दाबता येत नाही. साफार यांच्या कामाची माहिती नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदारापर्यंत पोचली. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करण्यात त्यांचा हात बसलेला होता. १९६० मध्ये त्यांनी माणसाएवढी बाहुली केली. तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या, कोणीच ओळख न सांगितलेल्या एका मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून. मुखवट्याची कथा खरी की रचलेली यावर वाद आहेत, पण जगभर लाखो माणसांनी त्या चेहऱ्याला श्वास देऊनच ही विद्या शिकली.

बाहुलीचे महत्त्व किती, हे एका वेगळ्याच घटनेवरून कळते. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल या खेड्यात स्वयंसेवक फायरमन मंडळींचा सराव ठेवला होता. एका पडीक घरात, वरच्या मजल्यावर, ‘अडकलेला माणूस’ म्हणून एका १९ वर्षांच्या नव्या पोराला झोपवले. खाली सोफ्याने पेट घेतला. फोमचा सोफा म्हणजे काय असतो हे आपल्या प्रत्येकाच्या दिवाणखान्यात आहे. तो पेटला की पाहता पाहता घर काळ्या धुराने भरते. त्या पोराला बाहेर काढता आले नाही. सराव चालवणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला झाला आणि न्यायालयाने त्याला दोषी धरले. खऱ्या आगीच्या सरावात जिवंत माणसाला ‘बळी’ म्हणून ठेवू नये, असा लेखी दंडक त्याच्या कितीतरी आधीपासून होता. सराव खरा वाटला पाहिजे म्हणून भीती आणायची आणि ती आणताना कोणाचा जीव जाऊ द्यायचा नाही, अशा तारेवरून या मास्तराला रोज चालावे लागते.

आपल्याकडची आठवण तर फार जुनी आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. जवान नळ्या घेऊन धुमसत्या जहाजाशी झुंजत होते. दुपारी चारनंतर जहाज फुटले आणि अग्निशमन दलाची ६६ माणसे गेली. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती विझवत असताना इमारत कोसळली. मुंबई दलाचे त्या वेळचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. नवशिके नव्हते हे. दलातले सर्वांत जाणते लोक होते.

म्हणूनच आत शिरायला शिकवण्याइतकेच बाहेर कधी यायचे हे शिकवणे महत्त्वाचे मानतात. जवानाला धैर्य शिकवावे लागत नाही, ते तो घेऊनच आलेला असतो. छत कुरकुरले, भिंतीला नवी चीर गेली, धुराचा रंग बदलला, नळकांड्याची शिट्टी वाजली, की आत कोणी असले तरी मागे फिरायचे, हे त्याच्या स्वभावाविरुद्ध त्याच्या गळी उतरवावे लागते. नागपूरला १९५७ पासून असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात देशभरातले अधिकारी शिकायला येतात आणि आपापल्या गावी परतून दुसऱ्यांना शिकवतात. अशी ही साखळी आहे. तिच्यातली एक कडी ढिली राहिली तर ते कळते पंधरा वर्षांनी, कुठल्या तरी गल्लीत.

महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीपासून १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. आरंभाला ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि गाडीत डॉक्टर असतो हे तिचे वैशिष्ट्य. म्हणजे आपण पँट्रिजच्या वाटेने गेलो, कॉबच्या नव्हे. वाईट काहीच नाही. पण बंब आधी पोचला आणि रुग्णवाहिका कोंडीत अडकली असे आपल्या शहरांत होणारच. अशा वेळी बंबावरच्या माणसाला छाती दाबता यावी, रक्तस्राव थांबवता यावा, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला आगीच्या जागेपासून किती दूर उभे राहायचे हे कळावे, यासाठी दोघांना कधीतरी एकाच मैदानावर, एकाच मास्तरासमोर उभे करायला हवे. दोन खात्यांची दोन दारे वेगळी असली म्हणून मैदान वेगळे असायचे कारण नाही.

व्हिकरी आणि कॉब पुढे एक पाऊल गेले होते. गाडी कितीही वेगाने आली तरी चार-पाच मिनिटे जातातच, आणि हृदय थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला तेवढीच पुरतात. तेव्हा त्यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच साध्या नागरिकांना शिकवायला घेतले: गृहिणी, शिक्षक, दुकानदार. पुढे तिथे लाखो लोक शिकले. आपल्याकडेही घरच्या माणसांसाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत भूलतज्ज्ञ शिकवतात. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले, की कोणाला तरी १०८ फिरवायला सांगायचे. त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध तळहात ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. भाजले तर २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचे. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

वाचून हे येत नाही, बाहुलीवर करूनच येते. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टवर दोन तास भांडण्यापेक्षा एखादा रविवार यासाठी काढता येईल. छाती दाबताना धडधाकट माणूससुद्धा दोन मिनिटांत दमतो आणि त्याचे हात वरवर पडू लागतात, म्हणून माणूस बदलावा लागतो. तेव्हा घरातल्या एकट्याने शिकून भागत नाही. निदान दोघांनी शिकावे, आणि त्यातला एक दुपारी घरी असणारा असावा.