वर्षभरासाठी गेलेला सोलापूरकर

सप्टेंबर १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने हे पथक धाडलं होतं, ते वर्षभराच्या बोलीवर. सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस त्यांत होते. वय वर्षं २७. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून शिकून बाहेर पडलेले, पुढची सगळी कारकीर्द समोर. वर्षाने परतायचं आणि बस्तान बसवायचं, एवढा सरळ हिशेब.

आम्हा सोलापूरकरांना ही गोष्ट शाळेत असल्यापासून ठाऊक असते, पण ती त्यागाची म्हणून. मला ती तितकीच प्रेमाची वाटते, आणि त्या प्रेमाचा हिशेब मांडताना आपण निम्मं माणूस विसरतो, असंही वाटतं.

चीनमध्ये पोचल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९मध्ये पथक येनानला पोचलं. पुढे एकेक सहकारी मायदेशी गेला. हे मात्र आघाडीच्या आणखी जवळ, उत्तरेच्या डोंगराळ मुलखात सरकले.

तिथेच १९४०मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात को चिंगलान यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्या परिचारिका, आघाडीवरच्या वैद्यकीय शाळेत मुलींना शुश्रूषा शिकवायच्या. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, थोडंफार लिहितोही, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. वर्षभराने निघून जाणारा माणूस दुभाषा घेऊन काम भागवतो. कोटणिसांनी मात्र रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं होतं. पुढे वर्गही ते चिनीतून घेत. १९४१च्या सुरुवातीला बेथून यांच्या नावाच्या हॉस्पिटलची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि वर्षाअखेर दोघांनी लग्न केलं.

ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. त्यात भारतही आहे, चीनही. पण कोटणिसांना अपस्माराचे झटके येत होते आणि ९ डिसेंबरला त्यातच ते गेले. वय ३२. संसार जेमतेम वर्षाचा.

आपण बहुतेकदा इथेच थांबतो. १९४६चा व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपटही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण चिंगलान यांच्या वाट्याला यानंतरची सत्तर वर्षं आली. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७मध्ये, ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, तोही गेला. चिंगलान यांनी पुन्हा लग्न केलं, त्यांना मुलंबाळं झाली. यात पहिल्या प्रेमाशी प्रतारणा शोधणाऱ्याला आयुष्य कळलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. कोटणीस घराण्याशी त्यांनी नातं तोडलं नाही. १९६२च्या युद्धाने दोन देश वैरी झाले, तरी त्या पुढे भारतात येत राहिल्या, सासरच्यांना भेटत राहिल्या. कोटणिसांसोबतच्या दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

सोलापुरात भैय्या चौकाजवळच्या कोटणिसांच्या घरी आज त्यांचं स्मारक आहे. चीनमध्ये शिजियाजुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. चिंगलान जून २०१२मध्ये, नव्वदी ओलांडून, गेल्या. स्मारक पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांना कोटणीस सांगताना त्यांचंही नाव आवर्जून सांगावं, पुढच्या त्या सत्तर वर्षांसकट.