अल्प खप, दीर्घ प्रभाव : 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड' या रॉक समूहाचा सांगीतिक व सांस्कृतिक वारसा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील पाश्चात्त्य रॉक संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम आठवतात ते बीटल्स, आणि त्यांच्या पाठोपाठ पंडित रविशंकर व १९६८ मधील हृषीकेशचा मुक्काम. हे स्वाभाविकच आहे. परंतु सांस्कृतिक प्रभाव म्हणजे नेमके काय, तो कसा पसरतो आणि तो कशाने मोजावा, या प्रश्नांचा विचार करावयाचा तर बीटल्सचे उदाहरण फारसे उपयोगी पडत नाही. कारण तेथे प्रभाव आणि लोकप्रियता या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की त्या वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होते. याउलट न्यू यॉर्कमधील 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड' या समूहाला त्याच्या हयातीत लोकप्रियता अशी लाभलीच नाही. तरीही पुढील अर्धशतकातील रॉक संगीताचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. प्रभावाचा पुरावा प्रभाव टाकणाऱ्याकडे नव्हे, तर तो स्वीकारणाऱ्याकडे शोधावा लागतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

समूहाची घडण

लू रीड (१९४२–२०१३) आणि जॉन केल (जन्म १९४२) या दोन परस्परविरोधी प्रकृतींच्या माणसांची भेट हे या समूहाचे मूळ होय. रीड यांनी सिरॅक्यूज विद्यापीठात कवी डेल्मोर श्वार्ट्झ यांच्या हाताखाली साहित्याचे धडे घेतले होते; पोटासाठी मात्र ते 'पिकविक' या कंपनीत पगारी गीतकार होते. बाजारात जे चालत असेल त्याच्या नकला पाडणे हे तेथील काम. केल हे वेल्समधून आलेले, शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेले व्हायोलावादक. स्टर्लिंग मॉरिसन (गिटार) आणि मॉरीन टकर (तालवाद्ये) यांच्यासह १९६५ च्या अखेरीस समूहाचे स्वरूप निश्चित झाले. त्याच सुमारास चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्यांना आपल्या आश्रयाखाली घेतले आणि जर्मन गायिका निको यांना त्यांच्या जोडीला दिले. पहिली ध्वनिमुद्रिका बहुतांशी १९६६ मध्ये मुद्रित झाली व मार्च १९६७ मध्ये बाहेर पडली. तिच्या वेष्टनावर वॉरहॉल यांनी काढलेले केळे होते. आज ते केळे गाण्यांपेक्षाही अधिक लोकांना ठाऊक आहे, हा प्रभावाचा एक काहीसा विनोदी प्रकार म्हणावा लागेल.

आधारस्वराचा प्रश्न

या समूहाच्या संगीताचे वेगळेपण पाश्चात्त्य समीक्षक बहुधा 'गोंगाट' किंवा 'एकसुरीपणा' या शब्दांनी सांगतात. तंबोऱ्याच्या नादात वाढलेल्या श्रोत्याला ते अधिक नेमकेपणाने सांगता येईल. पाश्चात्त्य लोकप्रिय गीताचा प्राण म्हणजे स्वरसंवादांची क्रमाने होणारी हालचाल. एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर जाणे आणि मूळ जागी परतणे यांतून गीताला गती मिळते. व्हेल्वेट अंडरग्राउंडने अनेक गीतांत ही हालचाल जवळजवळ थांबवली. व्हायोलाचा एकच स्वर अखंड घोषासारखा चालू राहतो आणि गीताची गती स्वरांच्या बदलातून न येता नादाच्या घनतेतून येते. केल यांनी व्हायोलाची घोडी सपाट करून तिच्यावर गिटारच्या तारा चढवल्या होत्या, जेणेकरून एकाच वेळी अनेक तारा वाजाव्यात. रीड यांनी तर पिकविकमधील एका विनोदी गीतासाठी गिटारच्या सर्व तारा एकाच स्वराच्या सप्तकांत लावल्या होत्या. टकर एरवी पायाने वाजवावयाचा मोठा ढोल तोंड वर करून ठेवीत, उभ्याने गोळेदार काठ्यांनी वाजवीत आणि झांजांचा वापर शक्यतो टाळीत. परिणामी तालातही अलंकरण उरले नाही. उरला तो केवळ ठोका.

हा आधारस्वर आला कोठून? १९६३ ते १९६५ या काळात केल हे ला माँट यंग (जन्म १९३५) यांच्या समूहात वाजवीत असत. एकच स्वर किंवा मोजक्या स्वरांचा संच दीर्घकाळ धरून ठेवणे हा यंग यांच्या संगीताचा विशेष. अमेरिकेत १९५५ मध्ये निघालेल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने, विशेषतः तिच्यातील तंबोऱ्याने, यंग यांच्यावर खोल परिणाम केला होता. म्हणजे हा धागा दूरान्वयाने का होईना आपल्या तंबोऱ्यापर्यंत येतो. येथे मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. यंग यांनी पुढे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले, हे खरे. किराणा म्हटले की मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ डोळ्यांसमोर येतात आणि व्हेल्वेट अंडरग्राउंडचा संबंध थेट किराण्याशी जोडण्याचा मोह होतो. पण प्राणनाथ अमेरिकेत पोहोचले ते १९७० मध्ये; केल तोवर यंग यांच्या समूहातूनच नव्हे, तर व्हेल्वेट अंडरग्राउंडमधूनही बाहेर पडले होते. कालक्रम हा मोह मान्य करीत नाही. शिवाय तंबोऱ्याचा स्वर हा रागाच्या विस्ताराचा आधार असतो, तर केल यांचा स्वर अनेकदा गीताला आधार देण्याऐवजी त्याच्याशी झगडतो. म्हणून येथे अनुकरणापेक्षा रूपांतर म्हणणे योग्य.

आशयाच्या बाबतीत रीड यांनी केलेला बदलही तितकाच मूलगामी आहे. मादक द्रव्यांचे व्यसन, लैंगिक विकृती समजले जाणारे व्यवहार, महानगरातील एकाकीपणा हे विषय गद्य साहित्याला नवीन नव्हते. १९६७ च्या रॉक गीतात मात्र ते उपदेशाविना आणि उदात्तीकरणाविना, जणू वार्ताहराच्या कोरड्या नजरेने मांडले जाणे नवीन होते.

खपाचे गणित

समूहाचे अपयश पुरेपूर होते. पहिली ध्वनिमुद्रिका 'बिलबोर्ड'च्या यादीत १७१ व्या क्रमांकापुढे गेली नाही. १९६८ मध्ये केल यांना काढून टाकण्यात आले आणि ऑगस्ट १९७० मध्ये रीड स्वतः बाहेर पडले. मॉरिसन पुढे टेक्सास विद्यापीठात मध्ययुगीन साहित्याकडे वळले, १९८६ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि ह्यूस्टन येथे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर कप्तान म्हणून काम केले. (प्राध्यापकी आणि रॉक संगीत या दोहोंपेक्षा बोट बरी वाटावी, हे आपल्या व्यवसायाने विचार करण्याजोगे आहे.)

संगीतकार ब्रायन ईनो यांचे १९८२ मधील एक विधान या संदर्भात सतत सांगितले जाते. पहिल्या पाच वर्षांत या ध्वनिमुद्रिकेच्या अवघ्या ३०,००० प्रती खपल्या, पण ज्याने ज्याने ती घेतली त्याने स्वतःचा समूह काढला, असा त्याचा आशय. विधान चटकदार आहे आणि म्हणूनच तपासून घेतले पाहिजे. फेब्रुवारी १९६९ पर्यंतच्या मानधनाच्या एका हिशेबपत्रकात ५८,४७६ प्रतींची नोंद आढळते. म्हणजे अपयशाचीही दंतकथा होते आणि तीत खप कमी करून सांगितला जातो. विधानाचा उत्तरार्ध मात्र उदाहरणांनी सिद्ध होतो. डेव्हिड बोवी यांच्या हाती ही गाणी प्रकाशनापूर्वीच पडली होती. पुढे त्यांनीच मिक रॉन्सन यांच्यासह रीड यांची १९७२ मधील ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. 'द स्टूजेस' या समूहाची १९६९ मधील आणि पॅटी स्मिथ यांची १९७५ मधील पहिली ध्वनिमुद्रिका केल यांच्या देखरेखीखाली झाली. पंक संगीताच्या या दोन पायाभूत कृती होत. पुढे 'जॉय डिव्हिजन', 'आर.ई.एम.', 'सॉनिक यूथ' अशी ही परंपरा चालू राहिली. या सर्वांनी एकच गोष्ट उचलली असे नाही. कोणी गोंगाट घेतला, कोणी तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील (१९६९) हळुवारपणा घेतला, तर कोणी केवळ हा धीर घेतला की वादनात निष्णात नसतानाही मांडण्यासारखे काही असू शकते. लघुनियतकालिकांच्या चळवळीचा मराठी अभ्यासक जाणतो की मोजक्या प्रतींचा वाचक हा पुष्कळदा स्वतः लिहिणारा असतो. उद्धरणांच्या संख्येवरून विद्वत्तेचे मोजमाप करण्याच्या आजच्या पद्धतीत अशा वाचकाला स्थान नाही.

प्राग : एक वेगळा श्रोता

या प्रभावाचे सर्वांत अनपेक्षित रूप तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात दिसते. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या फौजा त्या देशात शिरल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच सतरा वर्षांच्या मिलान ह्लावसा याने मित्रांसह 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा समूह स्थापन केला. समूहाचे नाव फ्रँक झॅपा यांच्या गीतावरून घेतले होते; वादनाचा आदर्श मात्र प्रामुख्याने व्हेल्वेट अंडरग्राउंड हाच होता. नाटककार वात्स्लाव हावेल यांनीही १९६८ च्या न्यू यॉर्क भेटीतून त्यांची ध्वनिमुद्रिका आणली होती. १९७० मध्ये ह्लावसाच्या समूहाचा व्यावसायिक परवाना रद्द झाला. तेव्हापासून त्यांच्या मैफली खेड्यांतून, लग्नसमारंभाच्या मिषाने होऊ लागल्या.

या समूहाची गीते शासनाविरुद्ध घोषणा देणारी नव्हती. त्यांना सत्तेशी भांडावयाचे नव्हते. त्यांना सत्तेची दखलच घ्यावयाची नव्हती. सर्वंकष सत्तेला नेमके हेच सहन होत नाही. मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली आणि सप्टेंबरमध्ये प्राग येथे चौघांवर सार्वजनिक शांततेच्या भंगाचा खटला चालला. समूहाचे मार्गदर्शक इव्हान यिरोउस यांना अठरा महिन्यांची, तर इतरांना आठ ते बारा महिन्यांची शिक्षा झाली.

एरवी परस्परांपासून दूर असलेले लेखक, तत्त्वज्ञ, पदच्युत साम्यवादी आणि धर्मनिष्ठ लोक या खटल्याने एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे निवेदन प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी यान पाटोच्का हे एकोणसत्तर वर्षांचे, अध्यापनाच्या अधिकारास मुकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. लांब केसांच्या, कर्कश वाजवणाऱ्या तरुणांच्या बाजूने त्यांनी लेखणी उचलली. ते संगीत त्यांना आवडत होते की नाही, हा प्रश्नच नव्हता. दीर्घ पोलीस चौकशांनंतर १३ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथेही कार्यकारणभाव ताणून चालणार नाही. चार्टर ७७ मागे १९७५ चा हेलसिंकी करार आणि चेकोस्लोव्हाकियाने मान्य केलेल्या मानवाधिकारविषयक संहिता यांचा आधार होता. केवळ गाण्यांतून तो उद्भवला नाही. तसेच १९८९ च्या 'मखमली क्रांती'चे नाव या समूहावरून पडले, ही समजूत निराधार आहे. त्या नावाचा रोख सत्तांतराच्या रक्तहीन, मृदू स्वरूपाकडे आहे. व्हेल्वेट अंडरग्राउंडने प्रागला दिले ते राजकीय विचार नव्हेत, तर स्वतःच्या अनुभवाला सुसह्य न करता, आहे तसा वाजवण्याची एक रीत दिली. त्या रीतीचा राजकीय अर्थ प्रागमध्ये तेथील परिस्थितीने निर्माण केला. न्यू यॉर्कमध्ये तीच रीत बाजाराच्या उपेक्षेचा विषय झाली होती, प्रागमध्ये ती तुरुंगवासाचे कारण ठरली.

डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढील वर्षी रीड त्यांची मुलाखत घेण्यासाठी प्रागला गेले. त्या वेळी हावेल यांनी त्यांना एक लहानसे पुस्तक दाखवले. रीड यांच्या गीतांचा तो चेक अनुवाद होता आणि ज्या काळात तो जवळ बाळगणे धोक्याचे होते, त्या काळात त्याच्या सुमारे २०० प्रती तयार करून हातोहात फिरवण्यात आल्या होत्या.