भादरलेलं परत उगवतं

होळीच्या सुमाराला थंडी सरली की आंबेगाव तालुक्यात घोडनदीकाठच्या गोठ्यांमधून म्हशी भादरायची कामं निघतात. मंचरजवळच्या एका वाडीत ते बघत बसलो होतो. म्हैस खुंट्याला आखूड बांधलेली. आधी अंगावर पाणी, मग साबण, आणि केस भिजून मऊ पडले की मानेपासून वस्तरा. डावा हात कातडी ताणतो, उजवा तिच्यामागून सरकतो. पाठ आणि बरगड्या झटपट उरकतात. खरी कसोटी कासेजवळ आणि कानामागं. तिथं भादरणारा वस्तरा थांबवून आधी बोटांनी चाचपतो.

"तात्या, कानामागं नीट बघा, तिथंच बसत्यात," गोठ्यातल्या बाई म्हणाल्या.

बसतात त्या उवा. म्हशीची ऊ केसाला धरून राहते, लिखाही केसालाच चिकटवते. केस गेले की तिला थारा उरत नाही. भादरण्याचं मोठं कारण हेच. दुसरं कारण चकाकी. तेल चोळलेली काळीभोर म्हैस गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरते, पण हे मालक सहसा बोलून दाखवत नाहीत.

शेजारचं रेडकू मात्र दाट, भुरकट केसांत गुरफटलेलं. म्हैस जन्मते केसाळ आणि वाढत्या वयाबरोबर विरळ होत जाते. तिला घामाच्या ग्रंथीही गाईपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ऊन चढलं की तिला डुंबायला पाणी लागतं. पाण्यात राहिली म्हणून केस गेले, असं म्हणायचा मोह इथं होतो. मला ते घाईचं वाटतं. पाणमांजर तर पाण्यातच शिकार करतं आणि त्याची लव इतकी दाट की आत हवा अडकून कातडी कोरडी राहते. लहान अंगाला ऊब धरायला तेच परवडतं. व्हेलसारख्या अवाढव्य देहाला मात्र कातडीखालचा चरबीचा जाड थर पुरतो; केस नुसते पाण्याला अडतात.

म्हशीचे केस विरळ असले तरी ते घडवणारी जनुकं शाबूत आहेत. म्हणून वस्तऱ्याचं काम टिकत नाही. काही महिन्यांत लव पुन्हा दिसते आणि पुढच्या साली तात्यांना पुन्हा बोलावणं जातं. व्हेल आणि डॉल्फिन यांच्यात बिघाड थेट जनुकांत आहे. त्यांचे पूर्वज जमिनीवरचे खुरवाले. जम्मूतल्या कालाकोट भागात सापडलेला, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा इंडोह्यूस हा मांजराएवढा प्राणी त्यांचा जवळचा नातलग, हे 2007 साली पुढं आलं. आजच्या प्राण्यांत त्यांच्या सगळ्यात जवळचा पाणघोडा.

'हेअरलेस' नावाचं एक जनुक आहे. ते मोडलं तर उंदराला पहिले केस येतात, गळतात आणि मग परत येत नाहीत. माणसातही असा आजार आहे. म्हणजे गळलेल्या जागी नवा केस आणणं हे या जनुकाचं काम. व्हेल-डॉल्फिनांत ते निकामी झालं आहे, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. डॉल्फिनचं पिल्लू जन्मतं तेव्हा तोंडावर मोजक्या मिशा असतात. थोड्याच काळात त्या गळतात. केसांचं केराटिन बनवणारी काही जनुकंही अशीच गेली.

ती मुद्दाम कोणी कापली नाहीत. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना जनुकांत चुका पडतातच. केसाळ प्राण्यात अशी चूक झालेलं पिल्लू गारठून मरतं आणि चूक त्याच्याबरोबर संपते. चरबीच्या थरात निवांत असलेल्या पिल्लाचं तिनं काही बिघडत नाही, म्हणून ती पुढं चालत राहते. जनुक एकदा अशा चुकांनी पुरतं मोडलं की ते पुन्हा धड होणं जवळजवळ अशक्य.

उवांचं नशीबही केसांशीच बांधलेलं. सील जमिनीवरून समुद्रात गेले ते केस घेऊन, आणि त्यांच्या उवाही सोबत गेल्या. त्या आजही सीलबरोबर खोल पाण्यात बुड्या मारतात. व्हेलवर मात्र खरी ऊ नाही. 'व्हेलची ऊ' म्हणतात तो कोळंबीच्या गोतातला प्राणी. केस नसलेल्या कातडीला तो नख्यांनी धरून राहतो.