सुशी हाताने खाल्ली तर चालते का?

टोकियोच्या गिंझा भागात एका तळघरात 'सुकियाबाशी जिरो' हे जेमतेम 10 खुर्च्यांचं हॉटेल आहे. 2014 मध्ये जपानच्या पंतप्रधानांनी बराक ओबामांना इथेच जेवायला नेलं होतं. इथे मेन्यूकार्ड बघून ऑर्डर देत नाहीत. 'ओमाकासे', म्हणजे सगळं शेफवर सोपवायचं!

शेफ समोरच भाताचा छोटा मुटका वळतो, त्यावर माशाचा काप बसवतो आणि पुढ्यात ठेवतो. लोक माशाचं कौतुक करतात, पण खरी कसोटी भाताची. व्हिनेगर घातलेला हा भात अंगाइतका कोमट आणि इतका हलका वळलेला असतो, की तोंडात जाताच सुटतो. म्हणून तो लगेच, एका घासात संपवायचा. फोटो काढत बसलात तर भात गार झालाच म्हणून समजा.

सोया सॉस बऱ्याचदा शेफच लावून देतो. स्वतः लावायचा तर माशाच्या बाजूने, कारण बुडवलेला भात फुटतो. वसाबीही आधीच आत असते. आल्याच्या चकत्या दोन घासांच्या मधे खायच्या, सुशीवर ठेवून नाही.

आणि हात? खुशाल वापरा. 19व्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळायची. लोक ती उभ्या उभ्या हातानेच खायचे.