मुदत नसलेला कागद

धनादेश तीन महिन्यांत शिळा होतो. पण तोच धनादेश न वटल्यावर जो खटला उभा राहतो, त्यातून निघालेले अटक वॉरंट कधीच शिळे होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो. बजावणी होईपर्यंत किंवा ज्या न्यायालयाने काढले त्यानेच रद्द करेपर्यंत ते जिवंत राहते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हाच नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होता. कलम ७९ त्याला आणखी एक बळ देते: वॉरंट भारतात कुठेही बजावता येते. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दहा वर्षांपूर्वी निघालेला एका पानाचा कागद आज सुरतेत किंवा बेंगळुरूत तितकाच ताजा असतो.

या कागदाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना उलटी माहीत असते. वॉरंट घेऊन दारात पोलीस येतात, म्हणून ते पोलिसांचे वाटते. ते न्यायालयाचे असते. शाहूपुरी, राजारामपुरी किंवा जुना राजवाडा पोलीस ठाण्यातला कोणताही अधिकारी ते बजावू शकतो, मागे घेऊ शकत नाही. ‘ठाण्यात ओळख आहे, मिटवून टाकतो’ असे कोणी सांगत असेल तर त्याच्या हातात ते मिटवण्याचा अधिकारच नाही. वॉरंट जन्मते न्यायालयात, संपते न्यायालयात, आणि शोधायचेही न्यायालयाच्याच कागदपत्रांत.

माणसाला पत्ता न लागता वॉरंट निघते ते कसे? कोल्हापूर जिल्हा पतसंस्थांचा, गुळाच्या पेढ्यांचा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींचा, इचलकरंजीच्या मागांचा. इथे उधारीवर माल जातो आणि हमी म्हणून धनादेश दिला जातो. चलनक्षम दस्तऐवज कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या धनादेशाचा खटला ज्याला पैसे यायचे आहेत त्याच्या बँक शाखेच्या गावी चालतो. इचलकरंजीच्या व्यापाऱ्यावर राजकोटात खटला उभा राहू शकतो. समन्स जुन्या भाड्याच्या घरी जाते, ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडतो, आणि इकडे व्यापारी रोज दुकान उघडत असतो. साक्षीदार तारखेला गेला नाही तर त्याच्या नावानेही वॉरंट निघते, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते.

अजामीनपात्र वॉरंट एकदम काढू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट कल आहे. इंदर मोहन गोस्वामी खटल्याच्या २००७ च्या निकालात, आणि पुढे २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात, क्रम सांगितला आहे: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि तरीही माणूस मुद्दाम टाळतो आहे असे दिसले तरच अजामीनपात्र. जामीनपात्र वॉरंटावर रक्कम आणि हजर राहण्याची तारीख लिहिलेली असते. तेवढ्या रकमेचे बंधपत्र करून दिले की पोलिसांनीच सोडायचे असते. अजामीनपात्रात मात्र न्यायालयापुढे उभे राहावेच लागते. यातली एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. धनादेशाचा गुन्हा स्वतः जामीनपात्र आहे, तरी गैरहजेरीमुळे त्यात अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. ‘अजामीनपात्र’ हे विशेषण तिथे गुन्ह्याचे नसते, त्या कागदाचे असते. एवढे कळले तरी घाबरून गाव सोडणारी कितीतरी माणसे घरी थांबतील.

आता शोधण्याकडे वळू. अमेरिकेतल्या अनेक परगण्यांत वॉरंट निघालेल्यांची नावे खुलेपणाने जाहीर केली जातात. आपल्याकडे अशी खुली यादी नाही, आणि मला ते योग्य वाटते. संशयितांची नावे गावासमोर पुकारण्याचे दुःख कोल्हापूरने पाहिले आहे. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना चावडीवर रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला असो वा नसो, जातच पुरेशी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी आपल्या संस्थानात बंद केली. ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडले. नावांची यादी निरपराधालाही डागते, हे इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

यादी नसली तरी नोंद असते. तिचे नाव रोजनामा. प्रत्येक खटल्याचा रोजनामा असतो आणि त्यात त्या त्या तारखेला काय घडले ते लिहिलेले असते: आरोपी हजर की गैरहजर, समन्स परतले की नाही, वॉरंट काढा असा हुकूम झाला का. पूर्वी हे पाहायला वकिलामार्फत अर्ज करून कारकुनाच्या टेबलाशी थांबावे लागे. ई-न्यायालय प्रकल्पामुळे आज ते मोबाईलवर दिसते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, खटल्याचा क्रमांक आणि वर्ष गुंफलेले असते. क्रमांक माहीत नसेल तर कोल्हापूर जिल्हा निवडावा, मग कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल यांपैकी न्यायालय, आणि पक्षकाराचे नाव व वर्ष घालून शोध घ्यावा. खटला उघडला की तारखांची उतरंड दिसते. एकेका तारखेवर बोट ठेवले की त्या दिवसाचे कामकाज उघडते.

इथे सावधपणा हवा. नावे इंग्रजी अक्षरांत असतात आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दोन पाटील असणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणून नाव जुळले की लगेच धास्ती घेऊ नये; फिर्यादी कोण, पोलीस ठाणे कोणते, वर्ष कोणते हे ताडून पाहावे. आणि वॉरंट दुसऱ्याच माणसाचे असेल तर तेही न्यायालयासमोरच ओळखपत्रांनिशी मांडावे.

वॉरंट खरोखर गावासमोर येते ते फक्त पुढच्या पायरीवर. माणूस फरार आहे किंवा लपतो आहे अशी न्यायालयाची खात्री झाली तर कलम ८४ खाली जाहीरनामा निघतो. तो गावात ठळक जागी वाचला जातो, घरावर आणि न्यायालयाच्या इमारतीवर चिकटवला जातो, वर्तमानपत्रातही छापता येतो, आणि हजर होण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. त्यानंतर मालमत्तेच्या जप्तीची वेळ येऊ शकते. इतके लांबू देऊ नये.

कारण सोडवण्याची वाट त्यामानाने साधी आहे. वकिलासह त्याच न्यायालयात स्वतःहून हजर व्हायचे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. गैरहजेरीचे कारण खरे सांगायचे आणि कागदाने दाखवायचे: सीपीआर रुग्णालयातल्या उपचारांची कागदपत्रे, बदललेल्या पत्त्याचा पुरावा, बाहेरगावच्या नोकरीचे पत्र. स्वतःच्या पायाने आलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. दंड किंवा खर्च भरायला सांगितला तर त्याची पावती मिळते. नवा जातमुचलका, कधी नवा जामीनदारही मागितला जातो. जामीनदार होणे ही मोठी गोष्ट आहे, आणि कोल्हापूरच्या नावाशी तिची एक थोर आठवण जोडलेली आहे. १८८२ च्या ‘कोल्हापूर प्रकरणा’त दिवाण माधवराव बर्वे यांनी टिळक आणि आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. पुढे दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांच्यासारख्या गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. धनादेशाचा मूळ वाद राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने कायमचा मिटवता येतो.

सीमाभागाचा प्रश्न वेगळा. वॉरंटावर दुसऱ्या जिल्ह्यात अटक झाली आणि ते काढणारे न्यायालय ३० किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिथे नेतात. म्हणून कागलच्या वॉरंटावर निपाणीत पकडलेला माणूस सरळ कागलला येईल. कोल्हापूरच्या वॉरंटावर बेळगावात पकडलेल्याला मात्र साधारणपणे आधी तिथल्या दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते.

आणि फोनवर येणारे वॉरंट? ते खोटे. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही; पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले. खऱ्या वॉरंटाची अटक प्रत्यक्ष होते, त्याचा आशय सांगावा लागतो आणि मागितल्यास ते दाखवावे लागते. व्हिडिओ कॉलवर बसवून कोणतेही न्यायालय पैसे मागत नाही. असा फोन आला तर १९३० वर कळवावे. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना हे घरोघरी समजावून सांगायला हवे.

खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला तर वर जावे लागते. प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचे तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांच्या दीर्घ लढ्यानंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे पक्षकार आता सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात येतात.

वॉरंट रद्द झाल्यावरही एक काम उरते. रद्द केल्याचा हुकूम न्यायालयात होतो, पण मूळ कागद पोलीस ठाण्यात असतो आणि तो परत मागवण्याचे पत्र पोचायला वेळ लागू शकतो. म्हणून हुकुमाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागावी, तिची एक प्रत ठाण्यात समन्स-वॉरंटचे काम पाहणाऱ्या अंमलदाराकडे द्यावी, त्याच्याकडून तारखेसह पोच घ्यावी आणि दुसरी प्रत खटला संपेपर्यंत जवळ बाळगावी.